व्यसनावरचे उपचार कुठे आणि कसे मिळतात : कोकणातल्या घरांसाठी

2023 च्या ऑगस्टमध्ये दापोली-गुहागरच्या किनाऱ्यावर चरसची पाकिटे वाहून आली. कर्दे, लाडघर, मुरूड ही एरवी पर्यटनाच्या पानावर असणारी नावे पहिल्या पानावर गेली. पोलीस आणि कस्टम्सने किनारा पिंजून काढला, मालाची मोजदाद झाली. ज्या घरातला मुलगा आधीच गांजा, एमडी किंवा झोपेच्या गोळ्यांत अडकला आहे, त्या घराने जायचे कुठे, हा प्रश्न मात्र त्या बातम्यांत नव्हता. हा लेख त्या घरासाठी आहे.

आपल्याकडे अशा वेळी आधी ग्रामदेवतेला गाऱ्हाणे घातले जाते, शपथ घालतात, कुणी माळ घालायला सांगतो. ते करून भागले नाही की घाटावरच्या एखाद्या केंद्रात महिनाभर ठेवायचे, आणि भावकीत सांगायचे, ‘मुंबईला कामाला लागलाय.’ श्रद्धेला माझा विरोध नाही. माळेने सावरलेली माणसे मी पाहिली आहेत. पण शपथ मोडली की माणूस व्यसनाबरोबर पापाचेही ओझे घेऊन फिरतो आणि डॉक्टरकडे जायला आणखी लाजतो. महिनाभराचे केंद्र हा उपचाराचा फार तर एक टप्पा आहे. त्याच्या आधीचे आणि नंतरचे काम आपल्या जिल्ह्यातच, बरेचसे सरकारी दवाखान्यात आणि घराच्या पडवीत होते. तिथेच आपण कमी पडतो.

सामाजिक न्याय मंत्रालयाने ‘एम्स’कडून करून घेतलेली देशव्यापी पाहणी 2019 मध्ये प्रसिद्ध झाली. दारूवर अवलंबून असलेल्या 38 जणांमागे फक्त एकाने कसला ना कसला उपचार घेतल्याचे तिच्यात दिसले. बाकीच्या 37 जणांनी कसलाच उपचार घेतलेला नव्हता.

आधी विचारा : कसले व्यसन?

‘नशा करतो’ एवढ्यावरून डॉक्टरला काही ठरवता येत नाही. पदार्थ बदलला की धोका बदलतो आणि औषधही.

सगळ्यांत आधी दारू आणि झोपेच्या गोळ्या, कारण इथे एकदम थांबणे जिवावर बेतू शकते. घरच्यांना वाटते, पिणे बंद झाले म्हणजे चांगलेच झाले. पण वर्षानुवर्षे रोज भरपूर पिणाऱ्याचा मेंदू दारूच्या गुंगीशी जुळवून घेऊन चालत असतो. दारू अचानक तुटली की तो भडकतो. पहिल्या काही तासांत हात थरथरतात, घाम फुटतो, झोप उडते. दोन दिवसांच्या आत फिट येऊ शकते. दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास काहींना भ्रम होतो. नसलेली माणसे दिसतात, अंगावर किडे फिरतात असे वाटते, दिवस-रात्र कळत नाही. वेळेवर उपचार न मिळाल्यास यात मृत्यूही येतो.

हे दिवस कोकणात नेमके कुठे गाठतात, याचा विचार करा. मासेमारी बंदी उठते, बोटी बाहेर पडतात. दोन महिने किनाऱ्यावर रोज पिणारा खलाशी ट्रॉलरवर चढतो आणि बोटीवर दारू नसते किंवा संपते. तिसऱ्या दिवशी तो खोल समुद्रात असतो, जवळ दवाखाना नाही. तो बरळायला लागला, पाण्याकडे धावला, की सोबत्यांना वाटते याला बाहेरचे काही लागले. प्रत्येक तांडेलाला, म्हणजे बोटीच्या म्होरक्याला, हे माहीत असले पाहिजे : रोज पिणारा माणूस दारू सुटल्यावर दोन-तीन दिवसांनी असा वागू लागला, तर बोट माघारी फिरवायची आणि त्याला थेट दवाखान्यात न्यायचे. बंदरावर उतरताच 108 ला फोन करता येतो.

दवाखान्यात अशा रुग्णाला काही दिवस ठरावीक प्रमाणात शांत करणारी औषधे देतात आणि ती हळूहळू कमी करत नेतात. सोबत थायमिन, म्हणजे बी-1 जीवनसत्त्व, देतात. गावात दारुड्याला ‘अशक्तपणा आलाय’ म्हणून ग्लुकोजची बाटली लावण्याची पद्धत आहे. अशा माणसाला थायमिन न देता नुसते ग्लुकोज दिले, तर मेंदूला इजा होण्याचा धोका असतो. तेव्हा बाटली लावणाऱ्या डॉक्टरला ‘तो रोज पितो’ हे आवर्जून सांगा. लपवू नका.

झोपेच्या गोळ्यांचेही असेच. रोज मूठभर गोळ्या घेणाऱ्याच्या हातून पाकीट हिसकावून समुद्रात फेकणे हा उपाय नव्हे. त्या गोळ्या डॉक्टरच्या देखरेखीत आठवड्या-आठवड्याने उतरवाव्या लागतात.

गर्द म्हणजे ब्राउन शुगर, कोडीनचे खोकल्याचे औषध, ट्रामाडॉलसारख्या वेदनाशामक गोळ्या, ही सगळी अफूच्या घरातली. हे थांबले की अंग मोडून येते, नाक-डोळे वाहतात, जुलाब-उलट्या होतात. रुग्ण तळमळतो, तरी धडधाकट माणसाचा यात सहसा जीव जात नाही. आठवडाभरात हे ओसरते. खरा धोका त्यानंतर आहे. शरीराची सवय मोडलेली असते, आणि माणसाने पूर्वीइतकाच डोस घेतला तर श्वास थांबू शकतो. केंद्रातून किंवा तुरुंगातून सुटल्यानंतरचे पहिले काही आठवडे त्यामुळे सर्वांत जोखमीचे. कुणी नशेत निपचित पडला, श्वास अगदी मंद झाला, ओठ निळसर पडले, तर चेहऱ्यावर पाणी मारत बसू नका. 108 लावा. श्वास चालू असेल तर कुशीवर वळवा, आणि मदत येईपर्यंत श्वासाकडे लक्ष ठेवा. काय घेतले ते डॉक्टरांना खरे सांगा. नॅलोक्सोन नावाचे इंजेक्शन अशा वेळी श्वास परत आणू शकते.

गांजा-चरस सोडताना चिडचीड, झोप न लागणे, भूक मरणे असे एक-दोन आठवडे चालते. यावर खास औषध नाही. समुपदेशन हाच मुख्य उपचार. पण कोवळ्या वयात सुरू झालेल्या गांजाने काही मुलांना संशयाचे, भास होण्याचे आजार जडतात. मुलगा ‘सगळे माझ्याविषयी बोलतात’ असे म्हणू लागला तर ते व्यसनापलीकडे गेले आहे, आणि मानसोपचारतज्ज्ञाला दाखवायला उशीर करू नये.

एमडी, म्हणजे मेफेड्रोन, ही झोप उडवणारी रासायनिक नशा. 2015 पासून ते अमली पदार्थांच्या कायद्याखाली येते. मुंबईत कामाला गेलेल्या पोरांबरोबर ते गावापर्यंत पोचायला एका रात्रीची गाडी पुरते. रात्र-रात्र जाग, मग दोन दिवस मेल्यासारखी झोप, वजन उतरणे, संशय, ही त्याची खूण. नशा उतरल्यावर येणारी उदासी फार खोल असते. त्या दिवसांत आत्महत्येचे विचार येतात. त्याला एकटे ठेवू नका. एमडी सोडवणारी गोळी नाही. झोप, उदासी, भास यांवर औषधे देतात आणि बाकी भार समुपदेशनावर असतो.

पहिले दार

सुरुवात जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार विभागातून करा, असे माझे स्पष्ट मत आहे. अलिबाग, रत्नागिरी, ओरोस या तिन्ही ठिकाणी जिल्हा रुग्णालये आहेत, आणि जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमातून तिथे मानसिक आजारांची बाह्यरुग्ण सेवा मिळते. व्यसन हा त्याच विभागाचा विषय आहे. रत्नागिरीत तर राज्यातल्या चार प्रादेशिक मनोरुग्णालयांपैकी एक आहे. बाकीची तीन ठाणे, पुणे आणि नागपूरला. ‘वेड्यांचे इस्पितळ’ म्हणून लोक त्या रस्त्याने जायलाही बिचकतात. तिथे बाह्यरुग्ण विभागात केसपेपर काढून डॉक्टरला भेटून संध्याकाळच्या एसटीने घरी परतता येते, हे पुष्कळांना माहीतच नसते.

व्यसनाच्या प्रत्येक रुग्णाला भरती करावे लागत नाही. घरी कुणी लक्ष द्यायला असेल, पूर्वी फिट आलेली नसेल, यकृताचा किंवा हृदयाचा मोठा आजार नसेल, तर बरेच जण घरी राहून, दर आठवड्याला दाखवून व्यसन सोडतात. फिट येऊन गेलेली, अनेक पदार्थ एकत्र घेणारी, आत्महत्येची भाषा करणारी, किंवा घरात कुणीच नसलेली माणसे भरती करावी लागतात.

इतक्या लांब जायच्या आधी फोन करायचा असेल, तर 14446 ही केंद्र सरकारची व्यसनमुक्तीची मोफत हेल्पलाइन आहे. तुमच्या जवळ मान्यताप्राप्त केंद्र कुठे आहे ते तिथे विचारा. 14416 हा ‘टेली-मानस’ या सरकारी मानसिक आरोग्य फोनसेवेचा क्रमांक ऑक्टोबर 2022 पासून चालू आहे. तो चोवीस तास असतो आणि मराठीत बोलता येते. मंडणगडच्या किंवा दोडामार्गच्या टोकाला राहणाऱ्याला हा फोनच सर्वांत जवळचा दवाखाना आहे. रुग्ण तयार नसेल तर आईने, बायकोने, भावाने करावा.

पोलिसांची भीती

‘सरकारी दवाखान्यात गेलो तर केस होईल’ ही भीती फार लोकांना मागे ओढते. अमली पदार्थांचा कायदा, म्हणजे एनडीपीएस, 1985 चा. त्यात सेवनालाही शिक्षा आहे, हे खरे. पण त्याच कायद्याचे कलम 64-अ म्हणते की सेवनाचा किंवा अल्प प्रमाणाचा आरोप असलेली व्यसनी व्यक्ती सरकारी किंवा सरकारमान्य संस्थेत स्वतःहून उपचार घेत असेल, तर त्या गुन्ह्यासाठी तिच्यावर खटला चालवला जाणार नाही. अल्प प्रमाण म्हणजे चरसचे 100 ग्रॅम, हेरॉइनचे 5 ग्रॅम, एमडीचे 2 ग्रॅमपर्यंत. उपचार अर्धवट सोडले तर ही सूट काढून घेतली जाऊ शकते. विक्री करणाऱ्याला ती नाहीच. गुन्हा आधीच दाखल असेल तर वकिलाला या कलमाबद्दल विचारा.

दवाखान्यातली माहिती गोपनीय ठेवण्याचा हक्क 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने दिला आहे. हा कायदा दारू आणि अमली पदार्थांमुळे होणाऱ्या मानसिक अवस्थांनाही मानसिक आजारांत धरतो. म्हणजे व्यसनी माणूस कायद्याने रुग्ण आहे, आणि रुग्णाचे सगळे हक्क त्याला आहेत.

केंद्र निवडताना

हे हक्क व्यसनमुक्ती केंद्राच्या दारातच सर्वांत जास्त तुडवले जातात. चार माणसे गाडी घेऊन येतात, मुलाला उचलून नेतात, महिनाभर घरच्यांना भेटू देत नाहीत, आणि घरचे कर्ज काढून पैसे भरतात. ही जबरदस्ती आहे, उपचार नव्हे. साखळीने बांधणे कायद्याने पूर्ण बंद आहे. रुग्णाच्या मर्जीशिवाय भरती करता येते, पण त्याला अटी आहेत. त्याच्या जिवाला किंवा इतरांना धोका असला पाहिजे, किंवा स्वतःची काळजी घेणे त्याला जमत नसले पाहिजे. दोन तज्ज्ञांनी, त्यांतला एक मानसोपचारतज्ज्ञ, त्याला स्वतंत्रपणे तपासले पाहिजे. आणि अशी भरती पहिल्या खेपेस जास्तीत जास्त 30 दिवसांची.

म्हणून केंद्रात जाऊन थेट विचारा. नोंदणीचा कागद दाखवाल का? मानसोपचारतज्ज्ञ कोणत्या दिवशी येतात? रात्री फिट आली तर कुठल्या इस्पितळात नेता? घरच्यांना कधी भेटू देता? बाहेर पडल्यावर किती महिने पाठपुरावा करता? शेवटच्या प्रश्नाला उत्तर नसेल तर मी तिथे माझे माणूस ठेवणार नाही.

चांगले केंद्र कसे असते ते पाहायला महाराष्ट्रात लांब जावे लागत नाही. पुण्याचे मुक्तांगण 29 ऑगस्ट 1986 ला डॉ. अनिता आणि डॉ. अनिल अवचट यांनी सुरू केले. त्यामागे पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांची मदत होती. मारहाण नाही, कोंडून ठेवणे नाही, आणि व्यसनातून बाहेर आलेली माणसेच नव्या रुग्णांना हात देतात. फादर जो परेरा यांनी 1981 मध्ये मुंबईत सुरू केलेल्या कृपा फाउंडेशनचे केंद्र उत्तर कोकणात वसईला आहे. कोकणातून अशा केंद्रात जाताना एकच गोष्ट आधी पक्की करा : परतल्यावर आमच्या जिल्ह्यात तुमची पाठपुरावा बैठक होते का, की फोनवर बोलाल?

भरतीची वेळही विचाराने ठरवा. जून-जुलैत मासेमारी बंद असते. घरी बसलेल्या खलाशाची दारू त्या दोन महिन्यांत वाढते, आणि उपचारासाठी सुट्टी मागावी लागणार नाही असेही हेच दोन महिने. बंदी लागायच्या आधीच, मे महिन्यात, दवाखान्यात बोलून ठेवले तर हंगाम बुडत नाही.

गोळ्या : कोणत्या, आणि चहातून का नाही

अफूवर्गीय व्यसनात ब्युप्रेनॉर्फिन ही जिभेखाली ठेवायची गोळी फार उपयोगी ठरते. ती तलफ शमवते, पण गर्दासारखी नशा देत नाही. माणूस कामावर जाऊ शकतो, आणि जास्त डोसने मरण्याचा धोका बराच कमी होतो. ती ठरावीक केंद्रांतूनच, देखरेखीत मिळते. ‘एक नशा सोडून दुसरी लावली’ असे नातेवाईक म्हणतात, आणि रुग्ण जरा बरा दिसला की गोळी बंद करायला लावतात. तसे करू नका. ती काही महिने, कधी काही वर्षेही चालते. नॅल्ट्रेक्सोन हे दुसरे औषध. ते दारूतही वापरतात. पण अफूवर्गीय पदार्थ सोडून आठवडा-दहा दिवस व्हायच्या आत घेतले तर रुग्णाचे भयंकर हाल होतात.

सुईने नशा करणाऱ्याने एचआयव्ही आणि हिपॅटायटिसची तपासणी करून घ्यावी. हिपॅटायटिस सी आता गोळ्यांनी बरा होतो, आणि सरकारी कार्यक्रमात त्याचे औषध मोफत आहे.

आता चहातल्या गोळीविषयी. ‘त्याला न सांगता देता येईल असे काहीतरी द्या,’ अशी मागणी बायका फार करतात, आणि त्यामागची हतबलता मला कळते. कुठला तरी बाबा पुडी देतो, कुणी मेडिकलमधून डायसल्फिरामच्या गोळ्या आणतो. ही गोळी पोटात असताना दारू प्यायली की चेहरा लालबुंद होतो, उलट्या सुरू होतात, धडधड वाढते, रक्तदाब कोसळतो. कमजोर हृदयाचा माणूस यात मरू शकतो. स्वतःच्या मर्जीने, धोका समजून, डॉक्टरच्या सल्ल्याने घेणाऱ्याला ती मदत करते. नकळत दिली तर ते विष ठरू शकते. बाबाच्या पुडीत काय आहे हे तर कुणालाच माहीत नसते.

परत आल्यावर

महिना संपतो. माणूस सावंतवाडीला किंवा चिपळूणला गाडीतून उतरतो. वजन वाढलेले, चेहऱ्यावर तेज. घरच्यांना वाटते, झाले. पंधरा दिवसांत भावकीतले लग्न येते, किंवा शिमग्याची पालखी, किंवा चाकरमान्यांची गणपतीतली बैठक. सीमेपलीकडून आणलेली गोव्याची बाटली मध्ये येते आणि कुणीतरी म्हणतो, ‘आज सणाचा एक घे रे.’

पुन्हा व्यसन सुरू होण्याचे प्रमाण 100 मध्ये 40 ते 60 असल्याचा अमेरिकेच्या व्यसनविषयक राष्ट्रीय संशोधन संस्थेचा अंदाज आहे. रक्तदाब आणि दमा यांच्या रुग्णांत आजार पुन्हा उसळण्याचे प्रमाणही साधारण तेवढेच. रक्तदाब पुन्हा वाढला तर आपण वडिलांना शिव्या घालत नाही, डॉक्टरकडे नेतो आणि गोळी बदलून घेतो. इथेही तेच करायचे. पुन्हा घेतली हे कळले की त्याच आठवड्यात डॉक्टरकडे. ‘पैसे वाया गेले’ हे वाक्य घरात कुणी काढू नये, कारण ते ऐकलेला माणूस पुढच्या वेळी लपवतो.

पहिल्या सहा महिन्यांची आखणी लिहून काढा. पगार कुणाच्या खात्यात जाईल? संध्याकाळी सहा ते नऊ तो कुठे असेल? गणपतीत त्याच्यासोबत आरतीला कोण बसेल, आणि बैठक जमली की त्याला कोण घरी नेईल? जुन्या दोस्तांचे नंबर त्याने स्वतः काढून टाकायला हवेत. आपण चोरून काढले तर तो परत घेतो. आणि काम हवे. आंब्याच्या बागेत, बंदरावर, कुठेही, पण रोज उठून जायला जागा हवी.

अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस आणि नार्कोटिक्स अॅनॉनिमसच्या सभा मराठीतही होतात. फी नसते, नाव विचारत नाहीत. देवाचे नाव येते म्हणून काहींना ते पटत नाही, काहींना त्यातच बळ मिळते. दोन-तीन सभांना बसून ठरवावे. गावात सभा नसेल तर ऑनलाइन सभा असतात. लहान वाडीत ते बरेही पडते, कारण सभेच्या दारात आपली स्कूटर ओळखणारा कुणी नसतो.

घरचे, आणि घरातली बाई

व्यसनी माणूस तयार नसला तरी घरच्यांनी समुपदेशकाकडे जावे. हाच उपचाराचा पहिला दिवस ठरतो, असे पुष्कळदा घडते. तिथे शिकवतात ते थोडक्यात असे : नशेत असताना वाद घालू नका. सकाळी, शुद्धीवर असताना, जे घडले तेवढेच बोला. ‘तू घर बुडवलेस’ म्हणण्यापेक्षा ‘परवा तू रात्री आला नाहीस, मी पहाटेपर्यंत जागी होते’ असे आईने म्हटले तर ते आत पोचते. न पिता घरी आला त्या दिवशी त्याच्याजवळ बसा, आवडीचे कालवण करा. पिऊन आला की भांडू नका, पण सरबराईही करू नका. त्याचे उधार फेडू नका, त्याच्या वतीने मालकाला खोटे बोलू नका. मारहाण होत असेल तर हे सगळे नंतर. आधी बाईने आणि मुलांनी सुरक्षित जागी जायचे.

बायकांचे व्यसन आपल्याकडे सर्वांत जास्त झाकलेले आहे. अंगदुखीसाठी सुरू झालेल्या गोळ्या, झोपेच्या गोळ्या, काही ठिकाणी दारू. नवऱ्याला घेऊन बाई दवाखान्यात येते, बाईला घेऊन कुणी येत नाही. तिच्यासाठी वेगळी निवासी सोय मिळणे अवघड असते, म्हणून बाह्यरुग्ण विभाग आणि टेली-मानसचा फोन यांचा तिला जास्त उपयोग. गरोदर असेल तर स्वतःहून काहीही एकदम बंद करू नये, डॉक्टरला खरे सांगावे.

मुलगा अठराच्या आतला असेल तर त्याला नशा देणारा बाल न्याय कायद्याच्या कलम 77 खाली 7 वर्षांपर्यंतच्या सक्तमजुरीला पात्र आहे. शाळेने मुलाला काढून टाकण्याआधी हे लक्षात घ्यावे. तो इथे बळी आहे, आणि शाळा सुटली की त्याला धरून ठेवणारा सर्वांत मोठा दोर सुटतो.

पहिल्यांदा दवाखान्यात जाताना आधार कार्ड, जुने केसपेपर, आणि तो घेतो त्या गोळ्यांची रिकामी पाकिटे सोबत न्या. पाकिटावरचे नाव पाहून डॉक्टरला जे कळते ते आपल्या वर्णनातून कळत नाही. शेवटची नशा कधी केली, दिवसाला किती, फिट कधी आली होती का, हे घरीच चिठ्ठीवर लिहून ठेवा, कारण डॉक्टरसमोर बसल्यावर घशाला कोरड पडते आणि निम्मे विसरते. रुग्ण यायला तयार नसेल तर चिठ्ठी घेऊन तुम्ही एकटेच जा.